बकरीला घोड्याची नाल

हिरामणआप्पा सायकलला लोहचुंबक बांधतात. एक नाही, जोडीने. पेट्रोलच्या नळीला दोन्ही बाजूंनी चिकटवून वर काळी चिकटपट्टी गुंडाळतात आणि म्हणतात, "पेट्रोलचे कण सैरावैरा पळतात भो. चुंबक त्यांना रांगेत उभं करतं." आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरपुढे आजवर कोणाला रांगेत उभं करता आलेलं नाही, पण आप्पांच्या नळीतलं पेट्रोल म्हणे शिस्तीत चालतं.

सायकल म्हणजे साधी काळी सायकलच, पण मधल्या नळ्यांच्या बेचक्यात नारळाएवढं एक इंजिन बसवलेलं. पोलिसाने अडवलं की आप्पा पेडल दाखवतात आणि घाई असली की धूर दाखवतात. आवाज असा, की आप्पा सकाळी निघाले की सुरतच्या आमच्या दिंडोलीतल्या कोंबड्या आरवायचं सोडून देतात. आता आपली गरज उरली नाही असं त्यांना वाटतं.

आप्पा मूळचे शहाद्याकडचे. पर्वत पाटियाजवळच्या एका लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. त्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांचा हळू आवाजही तीन घरं ओलांडून जातो. मी त्यांचा भिंतीला भिंत लावून शेजारी, बँकेत कारकून. आमच्या घरात कोणती भाजी आहे हे आप्पांना वासाने कळतं, त्यांच्या घरात कोणती आहे हे मला आप्पांच्या ओरडण्यावरून.

मोबाइलवर सायकल-इंजिनची स्वस्तातली कुठलीही ताकदवाढ दिसली की आप्पांनी ती मागवलीच म्हणून समजा. आधी तीन टोकांचा स्पार्क प्लग आला. मग निळी वायर आली, कारण निळ्या वायरीतून ठिणगी म्हणे थंड डोक्याने जाते. मग फुगीर पोटाचा सायलेन्सर. मग हवा जास्त ओढणारं नरसाळ्यासारखं फिल्टर, ज्यातून इंजिनाने एकदा माझा रुमाल ओढला. पेट्रोलमध्ये टाकायचे हिरवे थेंब तर आप्पा देवाच्या तीर्थासारखे तळहातावर मोजून टाकत. प्रत्येक वस्तू बसवली की एक फेरी मारायची, माझ्या दारासमोर ब्रेक दाबायचा आणि विचारायचं, "फरक पडना ना भो?"

पडला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी एक पार्सल येई.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या जिग्नेशभाईला मात्र भीड नाही. तो म्हणतो, "आप्पा, आ बधुं धतिंग छे! बकरीला घोड्याची नाल ठोकली म्हणून बकरी शर्यतीत पळत नाही." त्याचं म्हणणं सरळ होतं: इंजिनातली काजळी साफ करा, जिथून हवा गळते तो सांधा बंद करा, आणि मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र बसवा. वेग थोडा कमी होईल, पण चढावर ताकद येईल. हे सगळं तो फुकट करून द्यायला तयार होता. आप्पांनी ते ऐकलं आणि आणखी एक चुंबक मागवलं.

"तुझं चक्र तुझ्याजवळ ठेव जिग्नेशभाई," ते म्हणाले, "माझी गाडी डबल सीट पूल चढते. विचार बायकोला."

हे अगदी खरं होतं. दर रविवारी आप्पा आणि सुमनवहिनी रेल्वेवरचा नवागामचा पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात भाजीला जात. आप्पा पुढे, वहिनी मागे कॅरिअरवर, मांडीवर पिशवी. पेडलला पाय न लावता आप्पा पूल चढत आणि वर पोचल्यावर जग जिंकल्यासारखी घंटी वाजवत.

फक्त त्यात एक गोम होती आणि ती मला ठाऊक होती. एका रविवारी मी स्कूटरवर त्यांच्या मागेच होतो. पूल सुरू झाला, इंजिनाचा आवाज म्हाताऱ्या बैलासारखा झाला, वेग गोगलगाईच्या खाली गेला. आणि वहिनी अलगद कॅरिअरवरून उतरल्या. पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली आणि दोन्ही हातांनी कॅरिअर ढकलत पूल चढू लागल्या. पुढे आप्पा मान ताठ करून, त्या धडधडाटात कशाचाच पत्ता नसलेले. माथा आला तशा वहिनी उडी मारून परत बसल्या. मी दिसलो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मीही मान डोलावली. बँकेत राहून एवढी गुप्तता तर शिकतोच माणूस.

तेव्हापासून कुठलंही नवं पार्सल आलं की वहिनी थोडं जास्त जोर लावत आणि आप्पा माझ्या दारात येऊन गर्जत, "फरक पडना ना भो!"

चाललं होतं ते चाललं असतं. पण एक दिवस गॅरेजवर जिग्नेशभाईने सगळ्यांसमोर पैज लावली. रविवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत, वहिनींना मागे बसवून, पेडल न मारता, आप्पांनी पूल चढायचा. हरणाऱ्याने सगळ्यांना वाफाळता, डाळीचा मऊ लोचो खिलवायचा, वर शेव आणि तेल सढळ हाताने. आप्पा म्हणाले, "मंजूर!" हा मंजूर उधना स्टेशनवर ऐकू गेला असावा.

वहिनी धावतच आमच्याकडे आल्या. "भाऊ, त्यास्नं नाक कापाई जाई! काहीतरी करा."

"मी काय करू वहिनी? मी इंजिन नाही."

"मग माझं वजन तरी कमी करा!"

शनिवारी त्यांनी कडक उपास धरला. देवासाठी नव्हे, वजनासाठी. रविवारी निघताना हातातल्या बांगड्या उतरवल्या, पिशवी घरी ठेवली, चपलासुद्धा दारात सोडल्या. अनवाणी, श्वास आत ओढून त्या कॅरिअरवर अशा बसल्या की जणू त्या तिथे नाहीतच.

पुलाखाली अर्धी दिंडोली जमली होती. मी पंच म्हणून बाजूने स्कूटरवर. आप्पांनी चुंबकांना नमस्कार केला, इंजिन सुरू केलं आणि निघाले. सुरुवात झोकात झाली. मग चढ आला. नरसाळं घरघरलं, सायलेन्सरमधून असा काळा ढग निघाला की मागच्या रिक्षावाल्याने दिवा लावला. सायकल मंदावली, आणखी मंदावली, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर इंजिन एकदा उचकी देऊन बंद पडलं.

खालून शिट्ट्या सुरू झाल्या. वहिनींनी सवयीने एक पाय खाली सोडला.

आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "आज उतरू नको. दर वेळी उतरस ना तू."

वहिनींचा पाय हवेतच राहिला. माझी स्कूटरही बंद पडली, आणि तिला तर कोणी चुंबक बांधलेलं नव्हतं.

आप्पा सायकलवरून उतरले. एक हात हँडलवर, एक सीटवर ठेवला, आणि वहिनींना तशाच कॅरिअरवर बसवून, सगळ्यांच्या शिट्ट्यांत, पायी ढकलत माथ्यापर्यंत घेऊन गेले. मग खाली येऊन म्हणाले, "हरलो रे जिग्नेशभाई, मागव लोचो." त्यातला निम्मा लोचो त्यांनी एकट्यानेच संपवला.

दुपारी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. वहिनी आत होत्या. "आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"अरे भो, लूमवर एक धागा तुटला तर मला पायाखालच्या जमिनीतून कळतं. अख्खी बायको गाडीवरून उतरली तर कळणार नाही?"

"मग ही चुंबकं, हे थेंब, हा सगळा बाजार कशासाठी?"

आप्पांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आमच्या शेजाराच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. "आमच्या पोरीचं, मनीषाचं लग्न होऊन ती सासरी गेली तशी ही भिंतीला टेकून बसली. ना कुठे जाणं, ना येणं. साखर वाढली. डॉक्टर म्हणाला, रोज चालवा. मी सांगितलं, देवळात जा, नाही. बागेत जा, तर म्हणे, मी काय मोकाट ढोर आहे फिरायला? मग एकदा भाजीला नेली तर चढावर गाडी दमली, आणि ही गुपचूप उतरली. पूल चढून वर आली तेव्हा हसत होती. किती दिवसांनी हसली होती माहीत आहे?"

"म्हणून ते मोठं चक्र बसवलं नाहीत!"

"बसवलं असतं तर गाडी चढली असती ना. मग ही कशाला उतरली असती?" त्यांनी खिशातून चुंबक काढलं, ओट्याच्या लोखंडी गजाला चिकटवलं, पुन्हा ओढून काढलं. "पण आज तोंडून निघून गेलं भो. इतक्या लोकांत तिला ढकलताना कोणी पाहावं, ते मला झेपलं नाही. आता तिला कळलं की मला कळतं. आता ती कशाला उतरेल?"

 बँकेत असतो तर म्हटलं असतं, उद्या या.

पुढचा रविवार आला. कुठलंही पार्सल आलं नव्हतं. आप्पांनी सायकल बाहेर काढली, कॅरिअर पुसलं, आणि दाराकडे न बघता उभे राहिले.  शेवटी वहिनी आल्या आणि मागे बसल्या. मला अचानक कोथिंबीर संपल्याची आठवण झाली आणि मी स्कूटर काढली.

पुलाच्या पायथ्याशी वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "थांबवा. उतरते मी."

आप्पांनी इंजिन बंद केलं आणि तेही उतरले. मग दोघं सायकल मध्ये धरून पायीच चढू लागले. मागे रिक्षा भोंगे वाजवत होत्या, मी स्कूटर आडवी घालून त्यांना अडवून धरलं. वहिनींचं गुपित सांभाळण्यापेक्षा हे मला सोपं वाटलं. इंजिन बंद, म्हणून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. कारल्याचा भाव, जावयाची नोकरी, पुढच्या महिन्यात शहाद्याला जायचं की नाही.

माथ्यावर पोचल्यावर वहिनींना धाप लागली होती. त्या कठड्याला टेकल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मनीषाले फोन लावा. तिले सांगा, माय पूल चढनी."

आप्पांनी फोन लावला, पण तिकडून उचलायच्या आतच ओरडून सांगायला सुरुवात केली.