हत्तींच्या खोळी

आज आपण सरांच्या हाताला हात लावला की सर आपणहून 'वा' म्हणणार, असं डासने सकाळी दाढी करता करता आरशाला सांगून टाकलं. आरशाने काही विरोध केला नाही, तेव्हा त्याने तेच बायकोलाही ऐकवलं.

डास हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होता. रोज सकाळी मोटारसायकल काढायची आणि घरोघरी उपाशीपोटी ताटकळत बसलेल्यांचं रक्त काढून आणायचं, हे त्याचं काम. गल्लीत शिरला की लोक म्हणत, "आला डास." त्याला त्याचं वाईट वाटत नसे, कारण हात खरोखरच हलका होता. उन्हाळ्यात तर माणूस "कधी टोचणार?" असं विचारेपर्यंत हा बाटलीवर नाव लिहून मोकळा झालेला असायचा.

घोडं पेंड खायचं ते थंडीत. अर्धा तास गाडी चालवून पोचेपर्यंत बोटांची पार लाकडं व्हायची. लोकरीच्या मोज्यांतून वारा आरपार जायचा. मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, तर आत घामाची तळी साचली. एकदा सिग्नलला थांबून इंजिनाला हात शेकायला गेला, आणि मग आठवडाभर दुसऱ्याचं रक्त काढायच्या आधी स्वतःच्या बोटांना मलम लावत होता.

बाकीचे लोक चरफडत का होईना, सहन करत. पण निवृत्त हेडमास्तर कुठले गप्प बसायला? दर आठवड्याला त्यांचं रक्त लागायचं, दर आठवड्याला डासला त्यांची शीर सापडायची नाही आणि दर आठवड्याला तीन-तीनदा टोचावं लागायचं. सरांनी लॅबच्या मॅडमना लाल शाईत पत्र धाडलं. हात बर्फाच्या लादीसारखा, सुधारणेस भरपूर वाव, असं त्यात लिहिलं होतं. मॅडमनी डासला बोलावून शांतपणे समज दिली. आणखी एक तक्रार आली की फिरती बंद आणि मागच्या खोलीत बसून लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची. ज्याने वीस वर्षं वारा खात गावभर गाडी फिरवली, त्याने त्या बिनखिडकीच्या खोलीत बाटल्या मोजत बसायचं म्हणजे काय?

शेवटी बायकोने सूत्रं हातात घेतली. ती घरी शिवणकाम करायची आणि शिवणाने सुटणार नाही असा प्रश्न जगात नाही, असं तिचं ठाम मत होतं. मुलगा तान्हा असतानाची एक जाडजूड रजई माळ्यावर पडून होती. निळ्या कापडावर गुलाबी हत्ती होते त्या रजईच्या. तिने ती कापून हँडलच्या दोन्ही टोकांना नाड्यांनी बांधायच्या दोन खोळी शिवल्या. हात त्या खोळीत घालायचा, आत मूठ धरायची, ब्रेक, क्लच, हॉर्न, सगळं आतच. वारा शिरू नये म्हणून तोंडाशी इलॅस्टिक घातलं. एका इलॅस्टिकवर तिचा भरवसा बसेना, म्हणून दुहेरी.

त्या सकाळी डावा हात डासने स्वतः घातला. मग लक्षात आलं की उजवा घालताना खोळीचं तोंड फाकवायला हातच उरलेला नाही. बायकोने ते दोन्ही हातांनी ताणलं आणि उशी अभ्र्यात कोंबावी तसा त्याचा हात, स्वेटर आणि जाकिटाच्या बाहीसकट, आत कोंबला. इलॅस्टिक फट्दिशी बसलं. घालायला बायको आहे, पण काढायला कोण, हा विचार काही दोघांच्या डोक्यात आला नाही.

आत काय ऊब होती म्हणून सांगू! डास पहिल्या वळणालाच गाणं गुणगुणायला लागला. नाक खाजलं, तेव्हा गाणं थांबलं. चौकात एकाने पत्ता विचारला, तर त्याला हनुवटीने दिशा दाखवावी लागली आणि तो बिचारा वर आभाळाकडे बघत राहिला. पुढे वाहतूक पोलिसाने अडवून लायसन्स मागितलं. डासने अडचण सांगितली. पोलिसाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हत्तींकडे पाहिलं आणि जायची खूण केली.

बरोबर सात वाजता गाडी सरांच्या फाटकाशी उभी राहिली आणि डासने हात ओढले. हात येईनात. त्याने खांद्यापासून जोर लावला, तर हँडलच वळलं आणि गाडी कलंडता कलंडता राहिली. किल्ली मधोमध, तिथवर बोट पोचेना, म्हणून इंजिनही बंद करता येईना. इंजिन धडधडतंय, मागे सुया-बाटल्यांची पेटी, समोर सरांचं दार आणि आपण गाडीला बांधलेले! डास मनातून पुरता घाबरला. हाताशी म्हणावं असं फक्त हॉर्नचं बटण होतं. त्याने ते दाबलं. कुणी येईना, म्हणून पुन्हा दाबलं. मग धरूनच ठेवलं.

दार उघडलं. शाल पांघरलेले सर बाहेर आले, उपाशी आणि संतापलेले.

"हॉर्न कुणी वाजवला?" सरांनी विचारलं. रस्त्यावर दुसरं चिटपाखरूही नव्हतं, पण चाळीस वर्षांची सवय.

"मी, सर. हात अडकलेत, सर."

सरांनी आधी किल्ली फिरवली. मग डासचं कोपर धरून एक, दोन, तीन म्हणत ओढलं. गाडी, डास आणि सर तिघेही हलले, हात जिथल्या तिथे. तेव्हा इलॅस्टिक सैल करायला सरांनी आपली बोटं खोळीच्या तोंडात घुसवली. बोटांमागून पंजा गेला. आणि सर एकदम थांबले.

"सर, ओढा ना."

"थांब जरा," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा हातही आत सरकवला.

इतका वेळ काय चाललंय ते बघायला काकू बाहेर आल्या. बघतात तर नवरा डोळे मिटून उभा, लॅबवाला अवघडून बसलेला आणि दोघांचे मिळून तीन हात हत्तींच्या एका पिशवीत. त्यांनी शांतपणे विचारलं की हे काय. सर डोळे न उघडता म्हणाले की तपासणी चालू आहे.

काकूंनी अखेर कात्री आणली आणि दोन्ही इलॅस्टिकं कापली. डास सुटला. सर मात्र सुटेनात. डास उतरल्याबरोबर ते स्वतः गाडीवर चढून बसले आणि दोन्ही खोळींत कोपरापर्यंत हात घालून बसून राहिले. डासने भीत भीत आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी नाइलाजाने एक हात बाहेर काढला. डास बघतच राहिला. एरवी बिळातल्या उंदरासारखी दडून बसणारी शीर टरारून वर आली होती! म्हणजे इतके दिवस गार पडत होते ते सरांचे हात, आणि लाल शाईत नाव लागत होतं डासचं. पण हे सरांना सांगायची त्याची काय बिशाद. त्याने मुकाट्याने सुई लावली. एका टोचण्यात बाटली भरली.

"वा," सर म्हणाले.

डासला अक्षरशः भरून आलं. त्याने पेटी आवरली, सरांचे आभार मानले आणि खोळी नीट बसवायला हात पुढे केला. पण सरांनी उतरून नाड्या सोडल्या होत्या आणि खोळी बगलेत मारल्या होत्या.

"जप्त," सर म्हणाले. "हिवाळा संपल्यावर मिळतील. येताना पालकांना घेऊन यायचं."

"सर, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"मग बायकोला आण."

घाईत डास लोकरीचे मोजेही घरी विसरला होता. पुढची चार घरं त्याने उघड्या हातांनी केली. पहिल्या घरातल्या पहिलवानाने रबरी हातमोज्यांतूनही तो गारठा लागल्यावर अशी किंकाळी फोडली की शेजारी धावत आले. तिसऱ्या घरातल्या आजीबाईंनी त्याच्याच हाताला शेकायची पिशवी धरली आणि आधी चहा पिऊन ये म्हणाल्या.

लॅबमध्ये मॅडम वाटच बघत होत्या. सरांचा फोन आला होता. यापुढे आपल्याकडे याच माणसाला पाठवा, दुसरा चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. डासची छाती फुगली. उरलेल्या चौघांचेही फोन आले होते, मॅडम पुढे म्हणाल्या, आणि छाती जागेवर आली. मॅडम न्यायाच्या पक्क्या. आठवड्यातून एकदा सकाळी सात ते सव्वासात सरांकडे फिरती, बाकी सगळा वेळ मागच्या खोलीत बाटल्या.

दुसऱ्या दिवशी बायको तावातावाने सरांकडे गेली, खोळी घेतल्याशिवाय परत येत नाही म्हणून. परत आली ती हातात एक चिठ्ठी घेऊन, आणि चेहरा नुसता खुललेला. चिठ्ठीत लाल शाईत लिहिलं होतं, 'शिवण उत्कृष्ट. नवरा वस्तू सांभाळत नाही.' तिने ती शिवणयंत्राच्या वर भिंतीला चिकटवली. उरलेल्या हत्तींची सरांसाठी कानटोपी करायला घेतली आहे, असंही तिने सांगितलं.

आणि डास? तो मागच्या खोलीत बसून लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवतो. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने सहानुभूतीने विचारलं की थंडीचा काही त्रास? डासने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून खरं ते सांगून टाकलं. बाटल्या ताज्या असतात. हात दिवसभर गरम राहतात.