कॉम्प्युटरला दुसरा फलाट

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर चालू व्हायच्या आधी घोषणा व्हायची. वसंतकाका बटण दाबायचे, दोन पावलं मागं सरकायचे, डावा हात कानावर ठेवायचे आणि घसा खाकरून सुरू करायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कॉम्प्युटर फलाटावर लागत आहे. सुटायला अवकाश आहे." मग स्वतःच चहा टाकायला आत जायचे. चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून झाले तरी पडद्यावरचं ते वाळूचं घड्याळ काही हटायचं नाही.

काका हिंगोलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. वाशीम, कळमनुरी, नांदेड असं माईकवर ओरडत त्यांनी जन्मभर लोकांना गाडीत बसवलं. रिटायर झाल्यावर माईक सुटला, आवाज सुटला नाही. दूधवाला आला तरी "दुधाची गाडी लागलेली आहे" असं सगळ्या गल्लीला कळायचं. मी त्यांची शेजारीण, शाळेत मराठी शिकवणारी, तोंडाची फटकळ. त्यांचं माझं जमायचं ते बहुतेक दोघांनाही हळू बोलता येत नव्हतं म्हणून.

कॉम्प्युटर त्यांच्या जावयाचा. जावयानं नवा घेतला आणि जुना सासऱ्याच्या गळ्यात मारला. काकू जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, पोरगी नांदेडला नांदत होती, घरात बोलायला भिंती. पण कॉम्प्युटर आला तसं घर भरलं. कुणाला पुण्याच्या पोराला ई-मेल करायची, कुणाला दहावीचा निकाल बघायचा, मला प्रश्नपत्रिका टाईप करायची. काकांना त्यातलं काही नको होतं. त्यांना माणसं हवी होती, आणि हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मग स्टँडसमोर नेट कॅफे निघालं. तिथं बटण दाबलं की पडदा हजर. माणसं एकेक करून तिकडं वळली. एकदा मीही गेले. सहामाही डोक्यावर आलेली, करणार काय. परत येताना काका ओट्यावरच बसलेले.

"काहून बाई, आमची गाडी सोडून काळीपिवळीत बसल्या व्हय?"

"काका, तुमच्या गाडीच्या भरवशावर राहिले तर पेपर निघायच्या आधी पोरं पास होऊन जातील."

हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "गाडी फास्ट करणार म्हंजी करणार." मी त्यांना ओळखत होते. एकदा एका म्हातारीचं गाठोडं वाशीमच्या गाडीत राहिलं, तर या माणसानं कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर फोन करून गाडी अडवली होती. ते 'म्हंजी' म्हणाले की संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सलीमभाईला धरून आणलं. सलीमभाईचं रेडिओ, टीव्ही आणि आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तो डबा उघडून म्हणाला, "चाचा, मेमरी कम है. बढाना पडेगा."

"वाढवली की फास्ट होतो?"

"होतो बी आन् न्हाई बी."

असलं उत्तर काकांना चालणार कसं? गाडी येते किंवा येत नाही. सलीमभाईनं बापड्यानं समजावून बघितलं, पण काकांनी ते आपल्या भाषेत केलं तेव्हाच त्यांच्या डोक्यात शिरलं. "म्हंजी फलाट एकच हाय. एक गाडी उभी, बाकीच्या स्टँडाच्या बाहेर हॉर्न देऊन राहिल्या. एकीला हलवा, दुसरीला घ्या, त्यातच टाईम चालला. बराबर?"

"बराबर. पण चाचा, फलाट वाढवला म्हणून डायवर काई जास्त जोरात पळवत न्हाई. विंजिन तेच ऱ्हायचं."

"न का पळवंना. हॉर्न तर बंद होईल."

मला तर वाटतं, कॉम्प्युटरवर इतकं सरळ बोलणं मी त्यानंतरही कुणाकडून ऐकलं नाही.

सलीमभाईनं मेमरीची पट्टी आणली. बोटाएवढी रुंद, हिरवी, खालून सोनेरी दात. दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबून त्यानं ती आत बसवली, काका मान वाकडी करून बघत होते. कॉम्प्युटर खरंच लवकर उघडला. मी म्हटलं, सुटले.

सुटले कसली. सकाळी काका दारात, तोंड उतरलेलं. "बाई, गाडी नुसती हॉर्न देऊन राहिली. हलंना." जाऊन बघते तर पडदा काळा आणि डबा टूं-टूं करत बसलेला. सलीमभाईला पुन्हा बोलावलं. त्यानं पट्टी काढली, उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला. सगळे सोनेरी दात पिवळेजर्द. वर कुंकवाचं बोट.

"चाचा, ये क्या किया?"

"नवी वस्तू घरात आली. पूजा राहिली व्हती." काका खाली बघत म्हणाले. आमच्याकडं मोटरसायकल असो की मिक्सर, हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि हळदीला तर हिंगोलीत तोटाच नाही. पण यांनी क्लिपा उघडून, पट्टी बाहेर काढून, हळद कालवून लावली, वाळवली आणि होती तशी परत बसवली. सलीमभाई म्हणाला, "चाचा, मशीन हाय हे, नवरी न्हाई." माझ्या पर्समधल्या खोडरबरानं त्यानं एकेक दात घासला. कॉम्प्युटर निमूट चालू झाला.

आणि काय सांगू, पळायला लागला. काका जिंकले. गल्ली परत आली. पण आता घोषणा अर्धी व्हायच्या आत पडदा उघडायचा. येणारा चपला पुरत्या न काढताच बसायचा, ई-मेल धाडायचा, "येतो काका" म्हणून चालू लागायचा. आत चहा उकळत राहायचा. मीही तशीच. पेपर झाला की घर, घरी स्वयंपाक पडलेला.

असे चार-पाच महिने गेले आणि एकदा मी उठायला लागले तर काका भरलेले कप घेऊन उंबऱ्यात उभे. "गाडी टायमावर सुटली की स्टँड रिकामं पडतं, बाई," म्हणाले आणि दोन्ही कप आत घेऊन गेले. माझ्या जिवाला लागलं ते. पण पर्स उचलून मी घरी आले.

पुढच्या आठवड्यात वार्षिकचा पेपर घेऊन गेले. काकांनी बटण दाबलं. वाळूचं घड्याळ आलं ते आलंच. ते हलेना, मी चुळबुळ करतेय. "सलीमभाईला बोलावू का?" म्हटलं.

"नको. जुनी गाडी हाय, व्हतं असं." काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

साखर संपली म्हणून त्यांनी मला आतल्या फडताळातून डबा आणायला सांगितलं. तिथंच देवघर. काकूंच्या फोटोपुढं निरांजनाशेजारी ती हिरवी पट्टी ठेवलेली, हळदकुंकू लावलेली, वर एक झेंडूचं फूल. क्लिपा उघडायला तर त्यांना आता येतच होतं.

मी साखर घेऊन बाहेर आले. पेपर उद्या सकाळी द्यायचा होता आणि कॅफे अजून उघडं होतं. मी खुर्ची ओढून नीट मांडी घालून बसले.

"काका, आज घोषणा राहिली."

काका पडद्यासमोर आले. मग दोन पावलं मागं सरकले, डावा हात कानावर ठेवला. आवाज स्टँडभर ऐकू जाईल असा लावला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सुटायला अवकाश आहे."

"मग माझा कप भरून द्या," मी म्हटलं, "आणि काकूंना पहिल्यांदा बघायला गेला होतात, ते सांगा."