आजचा शब्द

हवालदार कचऱ्याची रिकामी बादली घेऊन तिसऱ्या मजल्यावर परत आला, तेव्हा दाराला आतून कडी होती.

यात भिण्यासारखं काही नव्हतं. कडी लावायला त्यानेच शिकवलं होतं. चोवीस वर्षं सैन्यात काढून तो घरी आला तो एक ट्रंक, एक दुखरा गुडघा आणि भरपूर शिस्त घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, गुडघा मलमाच्या स्वाधीन झाला आणि शिस्त आली सात वर्षांच्या मिरीच्या वाट्याला. चादरीची घडी, बुटांना पॉलिश, आणि बाबा घराबाहेर पडले की दारावर पहारा. "अहो, पोरगी आहे ती, पलटण नव्हे," असं परिचारिका असलेली त्याची बायको रोज कामावर जाताना म्हणे. "शिस्त अंगी मुरली की जन्माला पुरते," असं तो रोज म्हणे.

त्याने दार वाजवलं.

"थांब! कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"अगं, बाबा."

"आजचा शब्द?"

हवालदाराची छाती दोन बोटं फुगली. वा रे पोरी! "कापूस," तो रुबाबात म्हणाला.

"तो कालचा."

छाती जागेवर आली. परवलीचा शब्द रोज सकाळी बदलायचा आणि त्याच्याशिवाय साक्षात देव आला तरी दार उघडायचं नाही, हा त्याचाच हुकूम. आजही ठरला असणार. कधी बरं? सकाळी फोन आला, मग अर्धी दाढी झाली, मग गॅसवर दूध ठेवलं, तेवढ्यात कचऱ्याच्या गाडीने भोंगा वाजवला, आणि तो बादली उचलून…

दूध.

*पहाऱ्याची वही, दाराच्या आतून:*
*९.१० एक माणूस आलाय. बाबांचा आवाज काढतो. शब्द येत नाही.*

"मिरी, नीट ऐक. गॅसवर दूध आहे. उतू जाऊन आच विझली तर घरभर गॅस होईल. उघड दार!"

"शत्रू आधी घाबरवतो आणि मग दार उघडायला लावतो. बाबांनी सांगितलंय."

"अगं, मीच सांगितलंय ते! मंगळवारी!"

"म्हणजे मंगळवारी तू जिन्यात लपून ऐकत होतास."

तू! बापाला 'अहो बाबा' म्हणणारी पोर त्याला 'तू' म्हणाली. म्हणजे तिच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं. तो शत्रू होता.

"बरं, खिडकी तरी उघड."

"बदली पहारेकरी आल्याशिवाय जागा सोडायची नाही."

"मग धावत जा आणि गॅसचं बटण…" त्याने जीभ चावली. सात वर्षांच्या पोरीला आगीपाशी पाठवायचं? तिच्या आईने गॅसला बोट लावायलाही बंदी केली होती. पाठवावी तर जीव धोक्यात, न पाठवावी तरी जीव धोक्यात. बर्फात, अंधारात, कुठे कुठे उभा राहिला होता तो. पण तेव्हा दाराच्या पलीकडे शत्रू असायचा. आता पलीकडे मिरी होती.

"पतंग!"

"चूक."

"शिडी! शिडी होता ना?"

"तो मागच्या आठवड्यातला. चूक."

"बटाटा!"

"चार चुकले. आता धोक्याची घंटा."

धोक्याची घंटा म्हणजे स्टीलचं ताट आणि पळी. तीही कल्पना त्याचीच. आत असा काही खणखणाट सुरू झाला की समोरचं दार सताड उघडलं आणि निवृत्त मास्तरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं: बनियन, बादली, अर्ध्या गालावर वाळलेला फेस.

"अर्धीच दाढी का केलीत?"

"बाई, आत मिरी आहे. गॅस चालू आहे."

"मग ती उघडत का नाही?"

"शब्द लागतो."

"कसला शब्द?"

"आठवत नाहीये!"

"ठरवला कुणी?"

"मी!"

"लिहून ठेवायचा होता," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय. मग त्यांनी नाक वर केलं. "काहीतरी करपतंय हो. दूधच आहे."

वास त्यालाही आला. त्याने बादली फेकली आणि दाराला खांदा लावला. दार हललंसुद्धा नाही. गेल्याच महिन्यात त्याने आतून लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती. सुतार म्हणाला होता, "साहेब, हत्ती आला तरी उघडणार नाही." हत्ती कशाला येतोय? हत्तीपेक्षा मूर्ख प्राणी उभा होता बाहेर.

*९.१६ माणूस दाराला धडका मारतोय. आता बाबांच्या आवाजात रडतोय पण. बाबा रडत नाहीत. मी जागेवर आहे.*

"मिरी, बाळा, दारापासून लांब हो. नको, दारापाशीच थांब! तोंडावर ओढणी धर… अगं, काहीतरी कर!"

"काय करू ते एक ठरव."

"बंबवाल्यांना बोलवू का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण त्यांचा नंबर? आणि मला सांगा, सैन्यात तुम्हाला हे शिकवत नाहीत का हो, की शब्द विसरला तर काय करायचं? तिथे नक्की करता काय मग?"

"बाई, हात जोडतो! आत्ता नको!"

खट्.

कडी निघाली. दार उघडलं. मिरी पळी खांद्याला लावून ताठ उभी होती. "बरोबर," ती म्हणाली. "आत या."

तो आत आला नाही, आत कोसळला. तसाच उठून स्वयंपाकघरात धावला. गॅसचं बटण बंद. पातेल्यात दूध शांत, वर सायीचा पातळ पडदा. त्याने बटण पुन्हा पुन्हा फिरवून बंद केलं. मग वास कुठून…

"अगं बाई, माझं दूध!" दाराबाहेरून मास्तरीणबाईंची किंकाळी आली, आणि पाठोपाठ त्यांच्या घराकडे चपलांची फटफट.

"गॅस तुम्हीच बंद केला होता जाताना," मिरीने वही पुढे धरली. "हे बघा. नऊ वाजून दोन मिनिटं."

"मग मघाशी सांगितलं का नाहीस?"

"शत्रूला घरातलं सांगायचं नसतं."

हवालदार जमिनीवरच बसला. "आणि हा शब्द कधी ठरला?"

"सकाळी. मी विचारलं, बाबा, आजचा शब्द काय? तुम्ही फोनवर होतात. म्हणालात, आत्ता नको. मला वाटलं, सोपाच दिलाय. तुम्ही रोजच म्हणता, मग विसरणार कसे?"

ओट्यावर फोन वाजायला लागला. हवालदाराने तो वाजू दिला. फेस लागलेला गाल त्याने बाहीला पुसायला घेतला, तर बनियनला बाहीच नव्हती.

"इकडे ये," तो म्हणाला. "बोल."

मिरी आली. पण आधी तिने पेन्सिलीला थुंकी लावली आणि वहीत जपून लिहिलं:

*उद्याचा शब्द: इकडे ये बोल.*