एक तास दहा मिनिटं

पहाटेची नमाज आटोपून नियाज चहाला बसला आणि कुडाळजवळच्या गावाहून भाच्याचा फोन आला. हमीदाआपा गेल्या. दफन असरच्या नमाजनंतर, म्हणजे पाचच्या पुढे. आई गेल्यावर नियाजला या थोरल्या बहिणीनंच वाढवलं होतं. कप खाली ठेवून तो तसाच बसून राहिला.

बातमी कळताच शेजारचा प्रदीप गाडीची किल्ली घेऊनच आला. "सहाला निघू, तीनला पोचू. रस्ता आपल्या पायाखालचा हाय."

"नऊ तास, काका?" नियाजच्या मुलानं, अरसलाननं, मोबाइल पुढे केला. "सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर पण नाहीत. तिकडची फ्लाइट साडेदहाला आहे. एक तास दहा मिनिटं. बाराच्या आत अब्बा तिथे उतरतील. आणि एअरपोर्ट तर आपल्या दारात आहे."

प्रदीपनं किल्ली खिशात टाकली. एक तास दहा मिनिटांपुढे नऊ तासांची बाजू कोण घेणार?

दारातला विमानतळ गाठायला न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागे पाऊण तास गेला. साडेदहाचं विमान तिकडच्या ढगांमुळे एक वाजता सुटलं आणि तिकडे पोचल्यावर घिरट्या घालू लागलं. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेल्या नियाजनं काचेला कपाळ टेकलं.

"कुडाळ कुठल्या बाजूला?" त्यानं शेजारच्या तरुणाला विचारलं.

"सगळे ढगच आहेत, चाचा."

स्पीकरवर इंग्रजीत काहीतरी सांगितलं गेलं. नियाज डोळे मिटून दुआ मागत राहिला. बऱ्याच वेळानं चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"पोचलो ना, बेटी?"

"हो काका," हवाईसुंदरी अवघडून म्हणाली. "पण नवी मुंबईलाच. तिथे उतरता आलं नाही."

पावणेचार वाजले होते. गाडीनं निघाला असता तर एव्हाना तो आपांच्या उशाशी बसलेला असता. त्यानं भाच्याला फोन लावला.

"मामू, इथे पाऊस लागलाय. काय करू?"

"माझ्यासाठी आपांना थांबवू नका," नियाज म्हणाला.

न्यायला आलेल्या अरसलाननं त्याच्या हातातली पिशवी घेतली. "अब्बा, माझं चुकलं."

"नाही रे. अंतर तू बरोबरच सांगितलं होतंस."

रात्री प्रदीप आपल्या आईला घेऊन आला आणि नियाजला पाहून दारातच थबकला. "परत पण आलास? मी उगाच गाडी गाडी करत होतो. गाडीनं आपण अजून तिकडंच असतो."

नियाजची बायको अस्मा काही बोलणार होती. नियाजनं तिला हातानंच थांबवलं.

प्रदीपची आई, रमाकाकू, हमीदाआपांच्या लहानपणीच्या मैत्रीण. गुडघे आता जिना चढू देत नव्हते, तरी त्या आल्या होत्या. दम खात त्या नियाजजवळ बसल्या.

"हमीचा तोंड बघाया मिळाला ना रे तुला? कशी दिसत होती?"

अरसलान जमिनीकडे बघत उभा होता.

"झोपल्यासारखी," नियाज म्हणाला. "सगळं शांतपणे झालं, काकू."

काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरा झाला. आपल्यातला एक तरी वेळेवर पोचला."