बसाप्पा मेस्त्री आणि जावयाची गाडी

बसाप्पा मेस्त्री मोटरसायकलच्या इंजनाला जीभ लावायचा. खोटं सांगत न्हाई. आमच्या गल्लीत कुणालाबी विचारा. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की ह्यो पैलं खाली बसणार, डागाजवळ तोंड नेणार, जिभेचं टोक लावणार, डोळं मिटणार आणि सांगणार, "उसाचा रस. परवाचा. आलं घातलेलं हाय."

गिऱ्हाईक कान पकडायचं.

"अवो मेस्त्री, बोटानं चाखा की," मी म्हणायची.

"बोटाला ग्रीस असतंय आक्का. चव बिघडती."

एकदा गाडी लांबनं आल्ती, इंजन तापलेलं हुतं, आणि ह्येनं घाईत जीभ लावली. तीन दिवस त्येला बोलता आलं न्हाई. गल्लीला तेवढाच इसावा.

इंजन चालतंय का बंद पडलंय, ह्येच्याशी त्येचं काय देणंघेणं न्हवतं. "चालवायचं काम दुसऱ्या मेस्त्रीचं. माझं काम इंजनाचं तोंड धुवायचं," म्हणायचा. पिठाच्या गिरणीला लागून पत्र्याचं शेड, आत बफ, म्हंजे चकाकी आणायचं कापडी चाक, फिरवायची एक मोटर, रॉकेलचा डबा, जुन्या धोतराची फडकी. बास. त्येवढ्यावर त्यो काळंकुट्ट इंजन असं करायचा, की गिऱ्हाईक त्यात बघून भांग पाडायचं.

डागाचं त्येचं शास्त्रच हुतं. "तेलाचा डाग म्हंजे घाम. चिखलाचा म्हंजे मळ. आणि जळून बसलेला डाग म्हंजे राग. घाम पुसायचा, मळ धुवायचा, राग मातूर हळूहळू काढायचा. राग खरवडायला गेलास, की खालचं ॲल्युमिनियम गेलंच."

माणूस लिंगायत. घरात कांदा चिरला तरी सुरी धुऊन ठेवणारा. आणि एकदा गिरणीवाल्याच्या गाडीला जीभ लावून म्हणतोय, "तांबडा रस्सा. तिखट जास्त झालंय."

गिरणीवाला हसून हसून खाली बसला. "मेस्त्री, तुमाला वो काय कळतंय मटणाच्या रश्श्यातलं?"

"मी खात न्हाई. चाखतो. इंजनाचं सोवळं येगळं असतंय."

दसऱ्याला तर त्यो गल्लीच्या तोंडाला उभा ऱ्हाऊन वरडायचा, "हार घाला, नारळ फोडा, पर इंजनाला हळदकुंकू लावू नगासा! टायरला लावा!" कोण ऐकतंय? सण झाल्यावर रांग लागायची. कुंकू भाजून इंजनाला चिकटलेलं, नारळाचं पाणी करपलेलं. आणि ह्यो प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचा, "बसाप्पाच्या हातनं आजवर एक इंजन बिघडलेलं न्हाई. बिघडवता तुमी, निस्तरतो मी." हे वाक्य त्यो दिवसातनं धा वेळा म्हणायचा. गिऱ्हाईक नसलं तर गिरणीच्या पट्ट्याला सांगायचा.

माझं आणि त्येचं भांडण घासण्यावरनं. आमचं मालक फौंड्रीत कामाला हुतं. छातीत धूळ बसली, दोन वर्सं खोकलं आणि गेलं. लेक रेखा तवा सहा वर्सांची. मग मी मंगल कार्यालयात भांडी घासायला लागले. पाचशे माणसांच्या पंगतीची पातेली. आत उतरून घासायची, तवा कुठं पातेल्याचा तळ हाताला लागायचा. हाताची कातडी सोलली, पुन्हा आली, पुन्हा सोलली. रडायला सवड न्हवती, म्हणून रडले न्हाई. लेक वाढवली, तिचं लगीन केलं. पर भांडं काळं ऱ्हायलं, असं माझ्या हातनं कधी झालं न्हाई.

"आक्का, तुझा हात म्हंजे रंधा हाय," बसाप्पा म्हणायचा. "तुला इंजनाजवळ फिरकू द्यायचं न्हाई."

"तुमी काय लाडानं पुसत बसताय? सोडा टाकायचा, कडकडीत पाणी वतायचं, दोन घिस्सं मारायचं. पातेलं काय आणि इंजन काय!"

त्यो कानाला हात लावायचा.

आता रेखाचं सांगते. तिला वडगावला दिलती. जावई डेअरीत कामाला, सभाव चांगला, पर गाडीचं भारी येड. लग्नानंतर वर्सभरात त्येनं नवी मोटरसायकल घेतली. सकाळी उठून आधी गाडी पुसायचा, मग दात घासायचा. एक दिवस दोघं राधानगरीला धरण बघायला गेलती. येताना मागं बसल्या बसल्या रेखाला डुलकी लागली आणि तिचा पाय सायलेन्सरवर टेकला. रबरी चप्पल. वितळून चिकटली की! चहाच्या गाड्यावर थांबल्यावर जावयानं बघितलं, आणि चार लोकांत तोंड सोडलं, "अक्कल हाय का न्हाई? आई भांडी घासती, तिनं एवढं बी शिकवलं न्हाई?"

रेखा तशीच उठली, यष्टी धरली आणि माझ्या दारात आली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

मी म्हटलं, "दुसरी कुठं हाय?"

"त्येच्या गाडीवर," म्हणाली, आणि आत जाऊन झोपली.

चार महिने गेले. ह्यो येईना, ही जाईना. गल्लीतल्या बायका नळावर विचारायच्या, "रेखा अजून हाय व्हय?" मी म्हणायची, "हाय की. माझी लेक हाय." पर एकटीनं जगणं काय असतंय ते मला ठाव हुतं. ते तिच्या वाट्याला यावं असं वाटत न्हवतं.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्सांनी अधिक महिना येतो, त्यात जावयाला बोलवून पुरणाचं धोंडं खायला घालायची आपल्यात रीत. मी निरोप धाडला. मनात म्हटलं, आला तर आला.

आला. इस्त्रीची पँट, गाडी लखलखीत. पाटावर बसला, सात धोंडं खाल्लं. तोंडातनं शब्द दोनच. एकदा "तूप" आणि एकदा "बास". रेखाकडं बघितलं न्हाई, न्यायचं काढलं न्हाई. जेवला आणि माजघरात आडवा झाला.

मी भाईर आले. दारात गाडी. आणि सायलेन्सरवर रेखाच्या चपलेचा त्यो काळा थर, तळहाताएवढा, अजून तसाच. मला वाटलं, ह्योच सगळ्याचं मूळ हाय. हे डोळ्यासमोर ऱ्हायलं तर त्येचा राग जायचा कसा? उठायच्या आत काढून टाकू.

पाणी उकळलं. धुण्याचा सोडा घेतला, मूठभर. वतलं आणि घासलं. चपलेचं रबर हललं न्हाई. आणखी मूठभर घातला. ते पाणी उडालं समदं इंजनावर. म्हटलं, उडालंय तर तेबी घासूया. घासलं. पाणी मारलं, आणि बघते तर काय, चांदीसारखं इंजन तव्यासारखं काळं!

माझ्या हातातनं घासणी पडली. एका चपलेसाठी बायकूला सोडून बसलेला माणूस. आता ह्ये बघितलं तर पोरीला नेतोय कशाचा?

"रेखा," मी हळूच म्हटलं, "उंबऱ्यावर बस. उठला तर चहा दे. पिला की पुन्हा दे."

गाडी ढकलत बसाप्पाच्या शेडात नेली. त्यो नुकता जेवून सुपारी कातरत हुता. खाली बसला आणि सवयीनं जीभ लावली. पुढच्या क्षणाला उठून थुंकायला भाईर पळाला.

"सोडा! अय्यो आक्का, सोडा! साल काढलीस गं इंजनाची!"

"मेस्त्री, शिव्या मागनं द्या. जावई झोपलाय. उठायच्या आत पयल्यासारखं करा, न्हाईतर माझी पोरगी जन्मभर हितंच ऱ्हायली."

त्येनं माझ्या तोंडाकडं बघितलं. सुपारी बाजूला टाकली. "घरात चिंच हाय?"

"हाय."

"किलोभर आण. आमटीपुरती आणशील, तुझा काटकसरीचा हात मला ठाव हाय."

चिंच उकळून तिचा कोळ इंजनावर थापला. काळं हळूहळू मऊ पडलं. मग पॉलिशपेपर, मग पॉलिशची हिरवी वडी लावून बफ. मी फडकं धरायची, त्यो घासायचा, आणि घासता घासता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तासाभरात उजवी बाजू चमकली. डावीकडं अजून काळं हुतं.

मी म्हटलं, "त्यो चपलेचा थरबी काढा की. त्येच्यापायीच झालंय समदं."

बसाप्पा सायलेन्सरजवळ वाकला. बराच येळ बघत ऱ्हायला. जीभ लावली न्हाई.

"आक्का, ही गाडी रोज पुसली जाती. स्पोकच्या मुळाशीबी धूळ न्हाई. आणि ह्यो थर? थोडं गरम करून लाकडानं ढकललं तर धा मिन्टात निघतोय. गाडीचं येड असलेल्या माणसाला हे कळत न्हाई व्हय?"

"मग काढला का न्हाई?"

"तुझं आजचं घासणं सोड, नीट बघ. भवतीनं पुसलंय. रोज पुसलंय. त्येच्यावरनं फडकं फिरवलेलं न्हाई. जपून ठेवलाय." त्यो उठला. "ह्यो डाग मी काढणार न्हाई. ह्यो डाग माझा न्हाई."

तेवढ्यात जावई दारात. तीन कप चहा पिऊन घामाघूम. मागं रेखा. त्येनं इंजन बघितलं, एक बाजू पांढरी, एक काळी, आणि त्येचं तोंडच उतरलं.

मी बोलणार, तर बसाप्पा मधी आला. "पावणं, चूक माझी. आक्कानं नुसतं पुसायला दिल्ती. मी भलतं औषध लावलं. माझ्या हातनं इंजन बिघडलं."

गिरणीत दळपाला आलेली चार माणसं ऐकत हुती. गिरणीवाल्यानं तर पट्टा बंद केला. ज्या माणसानं जन्मभर एकच वाक्य मिरवलं, त्येनं ते सगळ्यांच्या म्होरं स्वतःच्या हातानं मोडलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पर बसाप्पानं डोळं असं वटारलं, की मी ते मिटलं.

जावई इंजनाजवळ गेलाच न्हाई. खाली बसला, सायलेन्सर बघितला.

"ह्यो डाग काढला न्हाई न्हवं?"

"न्हाई," बसाप्पा म्हणाला.

"मग असू दे." उठला, पँट झटकली, आणि रेखाकडं न बघता म्हणाला, "चप्पल घेऊन ये. दोन्ही पायात घालून ये. उजेडात पोचू."

रेखानं मला मिठीबी मारली न्हाई, पळालीच पिशवी भरायला. निघताना बसाप्पा तिला म्हणाला, "पोरी, झोप आली तर त्येला सांग. गाडी थांबवायला लाव."

गाडी वळणाआड गेली. गिरणी पुन्हा सुरू झाली. मी म्हटलं, "मेस्त्री, कशापायी नाव घालवलंसा? उद्यापासनं गिऱ्हाईक काय म्हणंल?"

त्यो फडकी गोळा करत हुता. "आक्का, माझी बायकू अशीच निपाणीला म्हायेरी गेलती. मी आणायला गेलो न्हाई."

शेजारी ऱ्हाऊन मला ठाव न्हवतं. आमी समजत हुतो, ह्येचं लगीनच झालेलं न्हाई.

"का वो?"

"कामात हुतो. एक इंजन घासायला घेतलंतं. म्हटलं, हे झालं की जातो."

"मग?"

"मग दुसरं आलं." त्येनं मोटरचं बटण दाबलं आणि त्या आवाजात म्हणाला, "एकवीस वर्सं झाली."

मी चिंचेचं पातेलं उचललं आणि घरला आले.

त्यानंतर रेखा कवाबी आली, की बसाप्पा शेडातनंच वरडून विचारायचा, "एकटी आलीस, का दोघं?" तिनं "दोघं, मामा" म्हटलं, की मान हलवून पुन्हा कामाला लागायचा. दोन वर्सांनी दिवाळीला आली, तवाबी त्येनं विचारलं. रेखा म्हणाली, "न्हाई मामा, तिघं." आणि पदराखालचं बाळ दाखवायला शेडात शिरली.

बसाप्पानं मोटर बंद केली. रॉकेलनं हात पुसलं, साबणानं धुतलं, फडक्याला पुसलं, पुन्हा धुतलं. बाळ घ्यायला हात म्होरं करायचा आणि काळी नखं बघून मागं घ्यायचा. शेवटी मीच बाळ त्येच्या मांडीवर ठेवलं.