फितीपलीकडचे कोमट पाणी

ज्या कामासाठी समिती नाही, ते काम झाले असे खात्रीने म्हणता येत नाही. लहान बाळाची आंघोळ हे त्याचे ठळक उदाहरण. पिढ्यान् पिढ्या ती घरातल्या बायकांच्या हाती राहिली. पाय लांब करून बसायचे, पोर नडग्यांवर पालथे घालायचे, पाण्यात कोपर बुडवून बघायचे आणि तांब्या ओतायचा, एवढ्यावर सगळे भागत असे. ना नोंद, ना फलक, ना अध्यक्ष. इतक्या निष्काळजीपणातूनही आपण सगळे मोठे झालो, हा निव्वळ योगायोग मानला पाहिजे.

संगमनेरला हा योगायोग मागच्या वर्षी संपुष्टात आला. नाशिक-पुणे रस्त्यालगत ‘बालतरंग शिशु जलतरण केंद्र’ निघाले आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची मुले शास्त्रोक्त पद्धतीने पाण्यात पडू लागली. केंद्राचे अध्यक्ष हनुमंतराव यांना स्वतःला पोहता येत नाही (त्यामुळे त्यांचा दृष्टिकोन निःपक्षपाती आहे). एक वर्ग अकरा मिनिटांचा. पाण्याचे तापमान बत्तीस अंश असते, असे तलावाच्या कडेला फलकावर लिहिले आहे. फलक दिवसभर उन्हात असतो, त्यामुळे त्याच्यापुरते ते खरेही आहे.

सत्यशीलाने पहिल्याच दिवशी पाण्यात हात घातला आणि तिला कळले की हे पाणी सव्वीसच्या वर नाही. ती दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचे काम करते. रोज दीडशे कॅन तिच्या हाताखालून जातात, आणि थर्मामीटर घालण्याआधीच तिचा हात आकडा सांगतो. तरी तिने आपल्या पार्थला त्यात उतरवले. एक तर तिचा नवरा रविराज केंद्राच्या स्वागत समितीचा सहसचिव होता. दुसरे म्हणजे कॉलनीतली पार्थच्या बरोबरीची सगळी पोरे तिथे जात होती. पार्थ सात महिन्यांचा. या वयात पोहायला न घातलेल्या मुलांचे पुढे काय होते, याची आकडेवारी केंद्राकडे नव्हती. पण प्रशिक्षिका आरती मॅडम त्याबद्दल बोलताना इतक्या खिन्न होत, की आईबाप लगेच फॉर्म भरत.

तलावातल्या पाण्यात औषध असते. ते बाळाच्या अंगावर राहिले तर कातडी कोरडी पडते, पुरळ उठते. म्हणून पोहून झाल्यावर बाळाला कोमट पाण्याने धुणे गरजेचे असते, आणि केंद्राने ही गोष्ट फार मनावर घेतली होती. त्यासाठी अडतीस कलमांची ‘जलोत्तर स्नान नियमावली’ छापून घेतली. कलम एक असे होते, की पाण्याबाहेर आलेले बाळ तीन मिनिटांच्या आत धुऊन, टिपून, गुंडाळून घ्यावे. कलम चार: पाणी कोपराने तपासावे (कोणाच्या कोपराने, यावर दोन बैठका झाल्या). कलम नऊ: मानेच्या, काखेच्या आणि जांघांच्या वळ्यांत औषधाचे पाणी राहू देऊ नये. कलम बारा: कानात काहीही घालू नये, बाहेरून मऊ कपड्याने टिपावे. कलम सतरा: बाळाला पाण्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. कलम अठरा: कलम सतराचा फलक लावण्यासाठी कर्मचारी गेल्यास तो काळ क्षण समजू नये. एकूण नियमावलीत चूक म्हणून नव्हती. चुकांसाठी माणसे नेमलेली होती.

प्रात्यक्षिकासाठी पुण्याहून रबरी बाहुली आणली होती. वजन सात किलो, मान डुगडुगणारी, डोळे निळे. पालकांच्या प्रत्येक तुकडीने तिच्यावर दोन आठवडे सराव केला. ती कधी रडली नाही, त्यामुळे निकाल शंभर टक्के लागला. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तिला दोनशे बारा वेळा आंघोळ घालण्यात आली आणि तिचा एक गाल पांढरा पडला. पार्थची आजी झुंबरबाई एकदा नातवाला सोडायला आली होती. तिने हा सराव बघितला आणि म्हणाली, ‘‘बाहुलीला धुऊन धुऊन तिचा रंग उतारला. पोरांना कवा धुनार?’’

प्रश्न अडाणीपणाचा होता. मुलांना धुण्यासाठी ‘जलोत्तर स्नान कक्ष’ दिवाळीतच बांधून तयार झाला होता. फरशी न घसरणारी, गीझर दोन, टॉवेल केंद्राच्या बोधचिन्हाचे. पण कक्षाचे लोकार्पण व्हायचे होते आणि ज्यांच्या हस्ते व्हायचे होते त्या माननीयांची तारीख मिळत नव्हती. म्हणून दारावर लाल फीत बांधून ठेवली होती. गीझर मात्र बाहेरच्या बटणावरून रोज चालू ठेवत (ऐनवेळी फजिती नको). अडीच महिने संगमनेरातली बाळे औषधाच्या पाण्याने ओलीचिंब होऊन, आईच्या मांडीवर, स्कूटीवरून वारा खात घरी जात होती आणि फितीपलीकडे कोमट पाणी त्यांची वाट बघत होते.

अखेर जानेवारीतला एक रविवार ठरला. सकाळी दहाला माननीय फीत कापणार, आणि नुकत्याच पोहून आलेल्या एका बाळावर पहिला तांब्या त्यांच्या हस्ते ओतला जाणार. या बाळाला कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रथम स्नानार्थी’ म्हटले होते. तो मान सहसचिवांच्या घरात, म्हणजे पार्थकडे आला. रविराजने चार दिवस आधी दाढीची पद्धत बदलली. पालकांनी घरचे टॉवेल आणू नयेत, छायाचित्रात रंग जुळत नाहीत, असे कळवण्यात आले. पार्थचे झबले, टोपडे, दुपटे आदल्या दिवशीच खिडकीतून हात घालून कक्षात मांडून ठेवले होते.

रविवारी नऊ पंचावन्नला सत्यशीला पार्थला घेऊन तलावाबाहेर आली. ती कमरेपर्यंत भिजलेली, ओढणी पिळून काढावी अशी, आणि पोर तर नखशिखांत ओले. बाहेर थंडी अशी, की मांडवातल्या एकशे सदतीस लोकांपैकी शंभरेक जण स्वेटरात होते. दहा वाजले. हनुमंतरावांनी फोन लावला. माननीय नेवाशाला एका साखरपुड्याला थांबले होते आणि ‘निघालेत’ असे उत्तर आले. आपल्याकडे ‘निघालेत’ याचा अर्थ अजून जेवण व्हायचे आहे असा होतो, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होते. तरी सगळे उभे राहिले आणि रस्त्याकडे बघू लागले.

पार्थ रडू लागला. आधी जोरात, मग दातखिळी बसल्यासारखा तुटक. सत्यशीलाने त्याला ओल्या ओढणीत धरले, छातीशी दाबले. त्याचे तळपाय तिच्या मुठीत होते. कॅनमधले दूध इतके गार निघाले असते तर तिने दूधवाल्याला शाबासकी दिली असती.

समोर टेबलावर बेचाळीस शाली होत्या. सत्काराच्या. घडी घातलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी टाचलेली.

‘‘अहो, त्यातली एक द्या ना,’’ ती रविराजला म्हणाली. ‘‘लेकरू गारठलंय.’’

‘‘अगं, मोजून आणल्यात,’’ तो दबक्या आवाजात म्हणाला. ‘‘एक कमी पडली तर शेवटच्या माणसाला काय नुसता नारळ द्यायचा?’’

‘‘वहिनी, निघालेत साहेब,’’ हनुमंतरावांनी धीर दिला. ‘‘पाच मिनिटं कळ काढा. पोरगं लई धीराचं हाय आपलं.’’

स्वागत समितीतल्या एकाने मोबाईल उंच धरून कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण सुरू केले होते. त्यात पार्थचे ओठ निळसर होताना स्पष्ट दिसत होते (कॅमेरा चांगला होता).

कर्तव्याची जाणीव फक्त आरती मॅडमना होती. त्या घड्याळ बघून अस्वस्थ झाल्या. ‘‘कलम एकप्रमाणे तीन मिनिटं कधीच संपली. आता चौदावं चालू आहे. रेकॉर्डला हे बरं दिसत नाही,’’ त्या म्हणाल्या आणि थोडा विचार करून त्यांनी तोडगा सुचवला, की बाळाला पुन्हा एकदा तलावात धरून बाहेर काढावे, म्हणजे तीन मिनिटे नव्याने सुरू होतील. हनुमंतरावांना तो पटला. सत्यशीला दोन पावले मागे सरकली.

तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. कारण एकवीस मिनिटे तीही सगळ्यांसारखी रस्त्याकडेच बघत उभी होती. कक्षाचे दार तिच्यापासून सात पावलांवर होते. आतल्या गीझरचा लाल दिवा दिसत होता.

तेवढ्यात पार्थचे रडणे थांबले. ‘‘बघा, झाला शांत,’’ हनुमंतराव म्हणाले आणि मांडवाने सुटकेचा श्वास टाकला.

रडणे थांबले म्हणून झुंबरबाई उठली. तिला मागच्या रांगेत, मंडपाच्या खांबाआड बसवले होते. तिथून काही दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. ती खुर्च्या सारत पुढे आली, नातवाच्या पायाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

‘‘आत पानी तापलंय का?’’

‘‘तापलंय.’’

‘‘मंग?’’

‘‘फीत आहे, आई.’’

झुंबरबाईने फीत बघितली. ती कमरेच्या उंचीवर होती. ‘‘वाकता येत न्हाई व्हय तुला?’’ असे म्हणून ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि फितीखालून आत गेली.

एकशे सदतीस माणसांत चार इंजिनिअर होते, एक निवृत्त प्राचार्य होते. हे कोणाला सुचले नव्हते. सत्यशीला पोराला घेऊन मागोमाग वाकली.

आत डिजिटल तापमापक बसवलेला टब होता. झुंबरबाईने त्याच्याकडे बघितलेही नाही. भिंतीला टेकून ती फरशीवर बसली, लुगडे गुडघ्यावर सारले, पाय लांब केले आणि बादलीत कोपर बुडवले. ‘‘वाईच गार घाल अजून. हां. बास.’’ आधी पायांवर, मग पाठीवर, मग हलक्या हाताने डोक्यावर. मानेची वळी बोटाने उलगडून धुतली, काखा, जांघा. कान बाहेरून पुसले. पार्थ एकदम मोठ्याने रडला, आणि ते रडणे ऐकून सत्यशीलाच्या डोळ्यांतून पाणी आले. चार मिनिटांत पोर गुलाबी झाले, टॉवेलात गुंडाळले गेले, आजीच्या पदराखाली झोपून गेले. अडतीसपैकी छत्तीस कलमे पाळली गेली होती. झुंबरबाईला वाचता येत नाही.

बाहेर आणीबाणी होती. समितीची तातडीची बैठक उभ्याउभ्याच भरली. प्रश्न मोठा नाजूक होता: लोकार्पण झाले की नाही? हनुमंतरावांनी फीत दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. ती शाबूत निघाली. त्यावरून एकमताने ठरले, की ज्या अर्थी फीत शाबूत आहे त्या अर्थी कक्षात कोणीही गेलेले नाही. आणि कक्षात कोणी गेलेले नसल्यामुळे तिथे कोणाचीही आंघोळ झालेली नाही. ‘सदर बालक अद्याप अस्नात आहे’ हा ठराव सहसचिव या नात्याने रविराजनेच लिहून घेतला. त्याचे अक्षर सुंदर आहे.

मग तो फितीपाशी आला. ‘‘ऐक ना,’’ तो बाहेरूनच म्हणाला. ‘‘साहेब लोणीपर्यंत आलेत. त्याला जरा ओलं करून परत एकदा घालू.’’

‘‘झोपलंय ते.’’

‘‘अगं, एका तांब्याचा तर प्रश्न आहे. सगळ्यांनी इतकी मेहनत घेतली. माझं काय तोंड राहील?’’

सत्यशीलाने पार्थच्या तळपायाला हात लावला. आता तिथे बरोबर सदतीस होते.

‘‘नाही द्यायची मी,’’ ती म्हणाली.

‘‘वहिनी, तालुक्याच्या इज्जतीचा प्रश्न हाय,’’ मागून हनुमंतराव म्हणाले.

‘‘मंग तालुक्याला घाला की आंघूळ,’’ झुंबरबाई म्हणाली. दोघी फितीखालून वाकून बाहेर आल्या, रस्त्यावर गेल्या आणि रिक्षात बसल्या. (बोधचिन्हाचा टॉवेल परत करण्याबाबतचे पत्र तिसऱ्या दिवशी घरपोच मिळाले. खाली सही सहसचिवांची होती.)

माननीय पाऊण वाजता आले. फीत कापली गेली. कार्यक्रम अडू नये म्हणून बाहुलीला टोपडे घालून, पांढरा गाल आतल्या बाजूला करून, टबात धरले होते. माननीयांनी तिच्यावर तांब्या ओतला, टाळ्या पडल्या. बेचाळीस पाहुण्यांपैकी एक आला नव्हता. उरलेली शाल वाया जाऊ नये म्हणून हनुमंतरावांनी ती माननीयांच्या हस्ते बाहुलीच्या अंगावर घातली आणि नीट गळ्यापर्यंत पांघरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॅन धुऊन झाल्यावर, सत्यशीलाने मोबाईल उघडला. केंद्राच्या पानावर शालीतल्या ‘बाळाचा’ फोटो होता आणि त्याखाली दोन हजार तीनशे बदाम. ‘किती गोड!’ ‘दृष्ट काढा गं कोणीतरी.’ ‘बाळ किती शहाणं, अजिबात रडत नाही.’ हे शेवटचे वाक्य एकशे नव्वद जणांनी लिहिले होते. त्याच पानावर, जरा खाली, आदल्या सकाळच्या थेट प्रक्षेपणाचा व्हिडिओ होता. निळ्या ओठांचा पार्थ त्यात एकवीस मिनिटे दिसत होता. तो तीन हजार जणांनी बघितला होता. ‘कोणीतरी शाल द्या त्याला’ असे त्याखाली दोघांनी लिहिले होते. एक दुबईहून, एक चुकून.

ती बदाम देणाऱ्यांची नावे वाचत गेली. रविराजचे होते, आरती मॅडमचे होते, बऱ्याच खाली तुमचेही होते. मग तिने शाल मागणाऱ्या दोघांची नावे पुन्हा नीट वाचली. तुम्ही इतका वेळ हे वाचून हसलात, म्हणजे माणूस चांगले असणार, तेव्हा तिथे तुमचे नाव असेलच असे तिला वाटले होते.