मामाची उतरली

एक सांगून ठेवतो, माझ्यासारखं पक्कं ऑपरेशन अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कुणाचं झालं नसेल! समुद्रपूरच्या कचेरीत चार महिने मी हेच ऐकवत होतो. जांघेत आतडी उतरली होती, म्हणून नात्यात मात्र लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ती आत ढकलून टाके घातले आणि बजावलं, सहा महिने जड उचलायचं नाही. पण अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भाची नलूचं लग्न निघालं, आणि आमच्यात नवरीला मामानंच उचलून बोहल्यावर न्यायची रीत. बायको शकू म्हणाली, धाकट्या मामाला उचलू द्या. मी म्हटलं, मी काय मेलो का?

उचललं! भाची फुलासारखी असते असं आपलं म्हणायचं. नलू चांगली कापसाच्या बोऱ्याएवढी भरली. तरी ऐटीत नेलं. ती बोहल्यावर चढली अन् इकडे माझी उतरली. तीच ओळखीची कळ, तोच फुगवटा. मी घामाघूम होऊन लटपटत मांडवाचा खांब धरला. शकूनं भर मांडवात कपाळावर हात मारला.

"पयलेच सांगतलं होतं! उतरली ना यांची पुन्हा!"

नवरदेवाचे वडील रूपरावजी बोरगाव मेघेचे, खादीवाले, दारूबंदीसाठी उपासाला बसलेले. झोकांड्या खाणारा मामा त्यांनी पाहिला, शकूचं बोलणं ऐकलं आणि ते कडाडले, "उतरली म्हणजे चढली होती! दारूबंदीच्या जिल्ह्यात मामा पेऊन येते? ऊठ रे बापू, हे लगन होत नाई!"

नवरदेव उठला. नलूच्या डोळ्यांत पाणी. माझ्या पोटात, म्हणजे पोटाच्या जरा खाली, धस्स झालं. पोरीचं लग्न माझ्या बढाईपायी मोडत होतं! मी रूपरावजींना ओढतच धान्याच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि धोतर सैल केलं. पुरावा त्यांनी वाकून नीट पाहिला. मग एकदम मला कवटाळून सभेतल्या आवाजात म्हणाले, "मामाजी, पयले काऊन नाई सांगतलं? मायी तं तीनदा उतरली!"

आनंदानं दार उघडलं. दारातच नलूचे वडील नत्थूजी कान देऊन उभे, चेहरा लालबुंद.

"नलू, उतर वं खाली! मामाची एकदाच उतरली, सासऱ्याची तं तीनदा!"

मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती. मी मुकाट्यानं नत्थूजींचा हात धरला आणि त्यांनाही आत घेतलं. या खेपेला दोन धोतरं सैल झाली, तेव्हा कुठं लग्न लागलं.